आधी पैसे, मग बोलणे : प्रीपेड कार्डाचे फायदे (लेखांक ६)

प्रीपेड फोनकार्ड म्हणजे बोलण्याआधी भरलेल्या पैशांची पावती. किंमत कार्डाला नसते. ती असते चंदेरी पट्टीखाली दडवलेल्या गुप्त क्रमांकाला. हा क्रमांक म्हणजे टेलिफोन कंपनीच्या संगणकावरचे एक छोटे खाते. बोलणे होईल तसे त्यातून पैसे वजा होतात आणि शिल्लक संपली की संभाषण थांबते.

बिलाचा फोन हा उधारीचा व्यवहार आहे. महिनाभर बोलायचे आणि पैसे नंतर द्यायचे. उधारी देणारा आधी गिऱ्हाइकाची पत पाहतो, म्हणून लँडलाइनला अनामत लागे आणि एसटीडीची, म्हणजे परगावी थेट फोन लावण्याची, सोय हवी असल्यास जादा अनामत भरावी लागे. प्रीपेडचा व्यवहार रोखीचा आहे आणि रोखीत पत पाहण्याचे कारण उरत नाही. नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत याला विशेष अर्थ आहे. येथे पैसा दरमहा पगारासारखा येत नाही. तो सोयाबीन-तूर विकल्यावर किंवा ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) मिळाल्यावर येतो. पैसा हाती असेल तेव्हा भरायचे आणि नसेल तेव्हा थांबायचे, ही सवलत बिलाच्या फोनमध्ये नव्हती.

दुसऱ्याचा फोन, आपला खर्च

भारत संचार निगमचे ‘इंडिया टेलिफोन कार्ड’ हे या पद्धतीचे सरळ उदाहरण. आधी ठरावीक क्रमांक फिरवायचा, सूचना ऐकून कार्डाचा गुप्त क्रमांक दाबायचा आणि मग हवा तो नंबर लावायचा. कॉलचा आकार फोनधारकाच्या बिलात न जाता कार्डातून वजा होई. त्यामुळे एसटीडी बंद ठेवलेल्या फोनवरूनही परगावी बोलता येई. शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने शहरात येऊन खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरमालकाच्या फोनवरून संकोच न बाळगता घरी बोलता येण्याची सोय यात होती. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्याला पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूलाही ती उपयोगी होती, कारण कार्ड एका गावाला किंवा एका फोनला बांधलेले नव्हते.

पीसीओच्या, म्हणजे सार्वजनिक फोन केंद्राच्या, तुलनेतही कार्डाचे वेगळेपण होते. पीसीओत मीटरचे आकडे पळताना पाहत बोलावे लागे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून तेव्हाच रांग लागे. कार्डात खर्चाची कमाल मर्यादा आधीच ठरलेली असे आणि सुट्ट्या पैशांचा प्रश्न येत नसे.

कार्डातून मोबाइलमध्ये

मोबाइलने हीच कल्पना सिमकार्डात आणली. टपरीवर कूपन घ्यायचे, पट्टी खरवडायची, क्रमांक दाबायचा. पुढे दुकानदाराच्या फोनवरूनच रिचार्ज मारले जाऊ लागले आणि कागदही गेला. १ मे २००३ पासून कॉल करणाऱ्यानेच पैसे देण्याची पद्धत लागू झाली व येणारे कॉल मोफत झाले. ‘बॅलन्स’ नसलेला फोनही त्यामुळे निरुपयोगी राहिला नाही. मिस्ड कॉल ही याच पद्धतीने रुजवलेली सवय. कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला गेलेल्या मजुराने मिस्ड कॉल द्यायचा आणि घरच्यांनी उलट फोन करायचा, असा हिशेब जमू लागला.

सीमाभागात मात्र एक अडचण होती. महाराष्ट्र, आंध्र (तेलंगणासह) आणि कर्नाटक ही दूरसंचाराची स्वतंत्र सर्कल. देगलूर-धर्माबादहून तेलंगणात किंवा उदगीरहून बीदरकडे गेले, की अंतर थोडे असूनही रोमिंग सुरू होई आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. ही अडचण टप्प्याटप्प्याने कमी झाली. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमच्या ‘वन इंडिया’ योजनेने देशभरचे एसटीडी मिनिटाला एक रुपयावर आणले. जून २०१५ पासून याच कंपनीने रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले.

रुपयातले किती पैसे बोलायला?

प्रीपेडचा फायदा मोजताना वजावट पाहावी लागते. टॉप-अपच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो आणि त्याशिवाय तीन रुपये किंवा किमतीच्या दहा टक्के, यांपैकी कमी असेल तेवढे प्रक्रिया शुल्क घेता येते. म्हणून १०० रुपयांत ८१ रुपये ७५ पैशांचे बोलणे मिळते, तर १० रुपयांत केवळ ७ रुपये ४७ पैशांचे. पहिल्यात शंभरामागे सव्वाअठरा रुपये जातात, दुसऱ्यात पंचवीसहून अधिक. थोडे-थोडे भरणाऱ्यालाच ते महाग पडते.

दुसरी बाब मुदतीची. २००५च्या अखेरीस हजार रुपयांच्या आसपास ‘लाइफटाइम’, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, योजना आल्या; पण २०१८च्या अखेरीपासून मोठ्या खासगी कंपन्यांनी किमान रिचार्ज सक्तीचे केले आणि केवळ येणाऱ्या कॉलसाठी फोन बाळगणेही फुकट राहिले नाही. यावर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांचा थोडा आधार आहे : खात्यात किमान २० रुपये असतील, तर ९० दिवस वापर नसल्याच्या कारणावरून नंबर लगेच बंद करता येत नाही.

आज देशातील दर दहा मोबाइल जोडण्यांपैकी नऊहून अधिक प्रीपेड आहेत, पण बहुतेक योजनांत बोलण्याबरोबर इंटरनेटही विकत घ्यावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने केवळ बोलणे व एसएमएस यांची वेगळी योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्याने रिचार्ज करताना हीच योजना नाव घेऊन मागावी. फक्त बोलण्याचेच पैसे, हा कार्डाचा मूळ फायदा तिच्यात काही अंशी पुन्हा मिळू शकतो.