पाण्याखाली लाल रंगाचं काय होतं?

हौशी गरवणाऱ्यांच्या पेटीत एक लुअर, म्हणजे माशाच्या रूपातलं नकली आमिष, हमखास सापडतो: डोकं लालभडक, बाकी अंग पांढरंशुभ्र. असा मासा आपल्या समुद्रात पोहत नाही. तरीही सुरमई त्याच्यावर झेपावते, खाडीतला जिताडाही त्याला धरतो. हे का होतं ते समजून घ्यायचं, तर दुकानात दिसलेला रंग विसरून पाण्याखालच्या उजेडापासून सुरुवात करावी लागते.

पाणी सगळा उजेड सारखा शोषत नाही. स्वच्छ समुद्रात लाल सगळ्यात आधी जातो. पाच-दहा मीटरांखाली तो फारसा उरत नाही. मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यात खोल पोचतो. लाल वस्तू लाल दिसते, कारण ती लाल प्रकाश परत फेकते. तो प्रकाशच तिथवर आला नाही, तर लाल डोकं काळपट होतं. पांढरा भाग मात्र मिळेल तो उजेड परतवतो, म्हणून खोलातही उजळ राहतो. सुरमईसमोरून जातं ते गडद टोक आणि त्याला चिकटलेलं उजळ अंग. मला हा लुअर आवडतो तो यासाठीच: रंग विझला तरी गडद-उजळ हा फरक टिकतो.

बांगड्याच्या रंगाचा लुअर हातात घेऊन पाहा. पाठ निळी-हिरवी, तिच्यावर काळ्या रेघा, कुशी चंदेरी, पोट पांढरं. खऱ्या बांगड्याला हा वेष लपण्यासाठी मिळालाय. वरून पाहिलं तर पाठ खोल पाण्यात मिसळते, खालून पाहिलं तर पोट आभाळाच्या उजेडात. कुशीची चकाकी ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांची असते. मासा सरळ पोहत असेल तोवर त्या आरशात भोवतालचं पाणीच दिसतं. मग लपण्याच्या वेषाने शिकारी कसा येईल? मासा जखमी होऊन कलंडला की आरसा वाकडा होतो आणि वरचं ऊन झपकन परावर्तित होतं. लुअर ओढताना डावी-उजवीकडे डुलतो तेव्हा त्याची चंदेरी कूस तेच करते. म्हणून या रंगसंगतीची निम्मी करामत डुलण्यात आहे. संथ, सरळ ओढलात तर ती कुचकामी.

गढूळ खाडीत गणित बदलतं. कुजका पाला, शेवाळ निळा उजेड आधी खातात आणि हिरवा-पिवळा लांब जातो. तिथे फ्लुरोसंट पोपटी कामाला येतो. तो निळा आणि अतिनील प्रकाश शोषून पोपटी उजेड बाहेर टाकतो, त्यामुळे भोवतालच्या पाण्याहून उठून दिसतो. अर्थात त्याला शोषायला निळा उजेड हवा, म्हणून तो उथळावरच खुलतो. तिन्हीसांजेला पृष्ठभागालगत मात्र काळा लुअर घ्यावा. खालून वर पाहणाऱ्या माशाला आभाळ उजळ वर्तुळासारखं दिसतं आणि त्यावर काळी आकृती सगळ्यात स्पष्ट उमटते.

डोळ्यांचाही भाग आहेच. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये लार्जमाउथ बास माशांना रंग ओळखायला शिकवलं. लाल आणि हिरवा त्यांनी चांगला ओळखला, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच निळा आणि काळा यांत ते गोंधळले. माकुलाची गोष्ट याहून नवलाची. बहुतेक माकुलांच्या डोळ्यांत एकच दृष्टिरंजक असतं, म्हणजे रंगभेद कळणं कठीण. तरी त्यांच्यासाठीची जपानी एगी, म्हणजे कोळंबीच्या आकाराचा लुअर, गुलाबी, नारिंगी, जांभळ्या कापडात मिळते आणि कापडाखाली सोनेरी किंवा लाल चकाकता पट्टा असतो. माकुलाला यातला गुलाबी दिसत नाही. गडद-फिकट आणि चमक दिसते. माझ्या मते गुलाबी-नारिंगीची निवड आपल्या डोळ्यांसाठी जास्त असते.

लुअरचा रंग पाण्यावरून ठरवायचा, तर ते किती स्वच्छ आहे हे मोजायची रीत सोपी आहे. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी 1865 मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजली. डब्याचं पांढरं झाकण, शिसं आणि गाठी मारलेली दोरी घेतली की हेच जेट्टीवरून जमतं. झाकण हातभर खोलीतच हरवलं, तर पाठीवरच्या बारीक रेघा विसरा, काळा किंवा पोपटी काढा. चांगलं खोलवर दिसत राहिलं, तर बांगडा रंगाचा घ्या. भरतीचं पाणी समुद्राकडून स्वच्छ येतं, ओहोटीला खाडीतला गाळ बाहेर निघतो. म्हणून पाणी फिरलं की झाकण पुन्हा सोडायचं.