दशावतारांची गंजिफा : सावंतवाडी राजवाड्यातील कलाठेवा

सावंतवाडी शहरात मोती तलावाच्या काठी संस्थानकालीन राजवाडा उभा आहे. तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात तो बांधण्यात आला. या वास्तूतील दरबार सभागृहात प्रवेश करणाऱ्याचे लक्ष वेधून घेते ती जमिनीवर बसून हातांनी गंजिफा रंगविणाऱ्या कारागिरांची तन्मयता.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून भारतात आला. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगल गंजिफेत आठ रंगांचे ९६ पत्ते असत. येथील कलावंतांनी मात्र तिला विष्णूच्या दहा अवतारांचे रूप दिले आणि पत्त्यांची संख्या १२० झाली. प्रत्येक अवताराचे बारा पत्ते असतात : राजा, प्रधान आणि एक्यापासून दश्शीपर्यंतचे दहा. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यासही पत्ता ओळखता येतो. दिवसा खेळाचा आरंभ रामाच्या राजाने, तर रात्री कृष्णाच्या राजाने करण्याचा प्रघात आहे. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक पाहणाऱ्या या मुलखाला ही चित्रे परकी वाटत नाहीत.

यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते बाजारात आले आणि गंजिफेची मागणी ओसरली. जाणकार चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. अशा वेळी शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांनी या कलेच्या पुनरुज्जीवनाचा ध्यास घेतला. सत्वशीलादेवींनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या स्वतः आत्मसात केली आणि राजवाड्यातच तरुणांना शिकविली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेली परंपरा मागे राहिली.

कपाटात बंद केलेली वस्तू टिकते. परंतु ती घडविणारा हात टिकावा यासाठी शिकणारा आणि विकत घेणारा, दोघेही हवेत. शाळांच्या सहलींत या राजवाड्याचा समावेश व्हावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना केवळ चित्रे न दाखविता कारागिरासमोर थोडा वेळ बसू द्यावे. ग्रामपंचायतींनी पाहुण्यांच्या सत्कारासाठी गंजिफेची निवड केल्यास एखाद्या कुंचल्याला काम मिळेल. वारसा जपण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच सापडेल.