कुलूप कोणाचे मजबूत? : ऊर्जा कंपन्यांच्या सायबर सुरक्षेचा तौलनिक विचार

वीज आणि खनिज तेल यांवाचून आजचे जीवन एक दिवसही चालत नाही, हे कळायला अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. घरातली वीज तासभर गेली तरी पुरे. ही वीज आणि हे तेल आपल्यापर्यंत पोहोचविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांचे रक्षण पूर्वी तारेचे कुंपण, फाटक आणि पहारेकरी यांच्या भरवशावर होत असे. आज तेलवाहिनीच्या झडपा, उपकेंद्रातले ब्रेकर, शुद्धीकरण कारखान्यातले पंप हे सारे संगणकाच्या आज्ञेवर चालतात. त्यामुळे चोराला कुंपण ओलांडण्याची गरज उरलेली नाही. तो हजारो मैलांवर बसून तारेवाटे आत शिरतो.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना याचे काय, असे कोणी विचारील. परंतु प्रश्न केवळ यंत्रांचा नाही. कोणावर विश्वास ठेवावा आणि तो कशाच्या आधारे ठेवावा, हा मूळ प्रश्न आहे, आणि तो आपल्या अभ्यासाच्या कक्षेतलाच आहे. दोन ऊर्जा कंपन्यांपैकी अधिक सुरक्षित कोणती, हे ठरवायचे तरी कसे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

बाहेरून दिलेले गुण

अशी तुलना करून देणाऱ्या व्यावसायिक संस्था आज जगात आहेत. त्यांपैकी सिक्युरिटीस्कोअरकार्ड ही संस्था कंपन्यांना ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत श्रेणी देते. बिटसाइट ही संस्था २५० ते ९०० या पट्टीवर गुण देते. विमा कंपन्या, बँका, मोठे खरेदीदार हे गुण पाहून व्यवहार ठरवितात.

हे गुण देतात कसे? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने एखाद्या वाड्याकडे पाहावे, तसे. कोणती खिडकी उघडी आहे, कोणत्या दाराचे कुलूप जुने आहे, भिंतीला कोठे भगदाड आहे, एवढे बाहेरून दिसते. त्याचप्रमाणे कंपनीचे जे संगणक इंटरनेटवर उघडे दिसतात, त्यांवरील प्रणाली जुनी आहे काय, तिच्या ई-मेल व्यवस्थेत ढिलाई आहे काय, तिच्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड चोरबाजारात आले आहेत काय, हे या संस्था तपासतात. ही तपासणी निरुपयोगी मुळीच नाही. ज्याला दर्शनी खिडकीसुद्धा लावता येत नाही, तो तिजोरी नीट सांभाळीत असेल हे संभवत नाही.

तथापि ही वाड्याची पाहणी रस्त्यावरून केलेली आहे, हे विसरून चालणार नाही. माजघर आणि देवघर यांच्यामध्ये दार आहे की नाही, आग लागली तर पाणी कोठे आहे हे घरातल्यांना ठाऊक आहे की नाही, हे रस्त्यावरून कसे दिसणार? ऊर्जा कंपन्यांच्या बाबतीत तर नेमकी हीच गोष्ट निर्णायक ठरते.

एका कंपनीत दोन जाळी

प्रत्येक मोठ्या ऊर्जा कंपनीत संगणकांची दोन जाळी असतात. पहिले कचेरीचे : पगार, बिले, पत्रव्यवहार, हिशेब. दुसरे कारखान्याचे : दाब, तापमान, प्रवाह मोजणारी आणि झडपा व ब्रेकर चालविणारी यंत्रे. या दोन जाळ्यांचा स्वभाव भिन्न आहे. कचेरीतला संगणक चारपाच वर्षांत बदलतो आणि रात्री बंद करून त्यात दुरुस्ती करता येते. कारखान्यातले नियंत्रक वीसवीस वर्षे चालतात. केवळ नवी प्रणाली घालण्यासाठी तेलशुद्धीकरण बंद ठेवणे परवडत नाही. त्यातच यांतली कित्येक यंत्रे अशा काळात घडली की तिच्याशी कोणी परका बोलू लागेल, ही कल्पनाच घडविणाऱ्याच्या मनात नव्हती. जो आज्ञा देईल त्याची ती ऐकतात.

म्हणून या दोन जाळ्यांमध्ये भिंत हवी, हे सर्वमान्य तत्त्व आहे. पण भिंत घातली म्हणजे निश्चिंत झालो असेही नाही. इराणमधील नतान्झच्या युरेनियम केंद्रातली यंत्रे इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. तरीही ‘स्टक्सनेट’ हा व्हायरस पेन ड्राइव्हसारख्या साध्या साधनाने आत पोहोचू शकला, हे २०१० मध्ये जगापुढे आले.

एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेऊन आता तीन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

तीन कंपन्या, तीन परीक्षा

पहिले उदाहरण सौदी अरेबियातील अरामको या कंपनीचे. जगाच्या तेलापैकी सुमारे एक दशांश तेल त्या काळी ही एकटी कंपनी पुरवीत होती. १५ ऑगस्ट २०१२ रोजी, रमजानच्या सुट्टीमुळे कचेऱ्या ओस असताना, ‘शमून’ नावाच्या व्हायरसने तिच्या संगणकांवरील माहिती पुसण्यास आरंभ केला. पुसलेल्या माहितीच्या जागी जळत्या अमेरिकन ध्वजाच्या चित्राचा तुकडा ठेवण्यात आला होता. सुमारे ३०,००० संगणक निकामी झाले, असे कंपनीनेच जाहीर केले. एवढ्या मोठ्या कंपनीचा कारभार कागद आणि फॅक्स यांवर आला. परंतु विहिरींतून तेल निघतच राहिले. कारखान्याचे जाळे वेगळे होते, आणि आग कचेरीतच थांबली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कलोनिअल पाइपलाइन या कंपनीचे. ह्यूस्टनपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरलेली तिची वाहिनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे जवळजवळ ४५ टक्के इंधन वाहून नेते. ७ मे २०२१ च्या पहाटे तिच्या कचेरीतील संगणकावर खंडणीची चिठ्ठी उमटली. ‘डार्कसाइड’ नावाच्या टोळीने संगणकांना जणू स्वतःचे कुलूप ठोकले होते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, टोळीचा हात वाहिनीपर्यंत पोहोचल्याचा पुरावा मिळाला नाही. वाहिनी बंद केली ती कंपनीनेच, सुमारे तासाभरात. कारण आग कोठवर पसरली आहे, हे तिला त्या क्षणी सांगता येत नव्हते. वाहिनी पुन्हा सुरू व्हावयास १२ मे उजाडला. तोवर आग्नेय राज्यांत पंपांवर रांगा लागल्या, पंप कोरडे पडले, आणि पेट्रोल प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरू नका, असे तेथील सरकारी ग्राहक-सुरक्षा खात्याला लोकांना बजावावे लागले.

चोर शिरला कोठून? वापरात नसलेल्या एका जुन्या खात्यातून. दुरून कचेरीच्या जाळ्यात येण्याच्या त्या वाटेवर एकच पासवर्ड होता; दुसरी खातरजमा नव्हती. पासवर्ड साधासोपा नव्हता, असे कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी जून २०२१ मध्ये सिनेटपुढे सांगितले. पण किल्ली कितीही वळणावळणाची असली तरी ती चोराच्या हाती पडल्यावर तिचा काय उपयोग? कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी भरली. त्यापैकी ६३.७ बिटकॉइन पुढे अमेरिकन सरकारने परत मिळविले.

तिसरे उदाहरण युक्रेनमधील वीजवितरण कंपन्यांचे. २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी पश्चिम युक्रेनमधील नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसांना पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना दिसला. तो एकामागून एक ब्रेकर उघडीत चालला होता. तीन कंपन्यांवर एकाच दिवशी हल्ला झाला आणि सुमारे २ लाख २५ हजार ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोर कित्येक महिने आधी एका ई-मेलसोबतच्या कागदपत्रातून आत येऊन बसलेले होते. ग्राहकांनी तक्रार करू नये म्हणून त्यांनी दूरध्वनी केंद्रावर खोट्या फोनांचा भडिमार केला, आणि उपकेंद्रांशी बोलणारी उपकरणेही बिघडवून ठेवली. येथे दोन जाळ्यांमधली भिंत पडली होती. प्रत्यक्ष यंत्रच परक्याच्या हाती गेले होते.

आणि तरीही एक ते सहा तासांत दिवे परत लागले! याचे कारण संगणक नव्हे. उपकेंद्रांत ब्रेकर हाताने चालविण्याची सोय शाबूत होती, आणि ते चालविणारी माणसेही होती. ती गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने बसविले.

तुलनेतून काय दिसते?

आता या तिघांना गुण देऊ पाहा. सर्वांत अधिक संगणक अरामकोने गमावले, पण तिचे तेल थांबले नाही. कलोनिअलच्या वाहिनीला धक्का लागल्याचे आढळले नाही, तरी तिचे इंधन पाच दिवस थांबले. युक्रेनच्या कंपन्यांच्या तर मर्मस्थानावरच घाव बसला, पण त्या सहा तासांत उभ्या राहिल्या. म्हणजेच नुकसान किती झाले आणि सेवा किती काळ थांबली, यांचा सरळ संबंध नाही. हल्ल्यापूर्वी रस्त्यावरून पाहून दिलेल्या गुणांवरून हा निकाल कोणाला सांगता आला असता असे वाटत नाही.

यावरून माझे मत असे की, ऊर्जा कंपनीची सुरक्षा मोजण्याची खरी पट्टी ‘चोर आत येईल काय?’ ही नसून ‘चोर आत आल्यावर दिवा किती वेळ विझेल?’ ही आहे. या पट्टीवर मोजावयाचे तर प्रत्येक कंपनीला चार प्रश्न विचारावे लागतील. कचेरी आणि कारखाना यांच्यामधली भिंत खरोखर उभी आहे काय, की सोयीसाठी तिला कोणी दार पाडले आहे? संगणकांवाचून काम चालविण्याची सोय आणि ते काम येणारी माणसे शिल्लक आहेत काय? माहितीच्या प्रती वेगळ्या जागी आहेत काय, आणि त्या परत बसवून पाहण्याचा सराव होतो काय? (खंडणी देऊन मिळालेली किल्ली इतकी संथ निघाली की, कलोनिअलला शेवटी स्वतःच्याच प्रतींचा आधार घ्यावा लागला.) आणि चौथा प्रश्न : कंपनीचे ठेकेदार कसे आहेत? २०२१ मध्ये अरामकोची काही माहिती बाहेर फुटली व ५ कोटी डॉलर मागण्यात आले, तेव्हा ती ठेकेदारांकडे असलेली माहिती होती, असे कंपनीने सांगितले. स्वतःचे घर बंद करून भागत नाही. ज्याच्याकडे किल्ली ठेवतो त्याचेही घर पाहावे लागते.

आपल्याकडची स्थिती

हा विषय दूरदेशीचा राहिलेला नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामातील दुलियाजान येथील ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या संगणकांवर हल्ला होऊन ७५ लाख डॉलरांची मागणी झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला टाटा पॉवर कंपनीने शेअर बाजाराला कळविले की, तिच्या काही संगणक व्यवस्थांवर हल्ला झाला आहे, मात्र महत्त्वाच्या कार्यप्रणाली चालू आहेत. दोन्ही ठिकाणी घाव कचेरीवर बसला, हे आपले सुदैव.

मुंबईचा प्रसंग मात्र विचार करावयास लावणारा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन संस्थेने भारतीय वीजव्यवस्थेत चिनी हल्लेखोरांचा शिरकाव झाल्याचा अहवाल दिला. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. कारण कोणतेही असो, एक गोष्ट उघड झाली. बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईला बेटासारखे तोडून स्वतःच्या विजेवर तगविण्याची व्यवस्था अनेक वर्षांपूर्वीच उभारलेली होती. त्या दिवशी ती टिकली नाही. वरील पट्टीवर मोजले तर, हल्ला झाला की नाही या वादापेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते.

शासन याबाबत स्वस्थ नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने असा प्रसंग घडल्यास सहा तासांत कळविण्याचे बंधन घातले. पण कळवावयाचे ते शासनाला. सर्वसामान्य ग्राहकाला नव्हे. आपल्या वीज कंपनीने वर्षभरात हाताने ब्रेकर बसविण्याचा सराव किती वेळा केला, हे आपल्या बिलावर छापलेले नसते.

रोगी होणार नाही असे शरीर नाही आणि फुटणार नाही असे कुलूप नाही. म्हणून ‘आमच्याकडे चोरी झालीच नाही’ असे सांगणाऱ्या कंपनीपेक्षा ‘अमुक दिवशी चोरी झाली, अमुक वेळात आम्ही सावरलो, आणि त्यानंतर अमुक बदल केला’ असे सांगणारी कंपनी मला अधिक विश्वासार्ह वाटते. गुणपत्रिका जरूर पाहावी. परंतु ती हातात घेणाऱ्याने पुढचा प्रश्नही विचारावा. तो विचारण्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही; वीज वापरणारा जागरूक नागरिक असले म्हणजे पुरे.