विश्लेषण : सर्व्हर बंद पडला तरी ॲप कसे चालू राहते?

ऑनलाइन सेलमध्ये लाखो जण एकाच वेळी खरेदी करतात. त्या गर्दीत एखादा सर्व्हर बंद पडला, तरी तुमच्या कार्टमधील वस्तू सहसा गायब होत नाहीत. ज्या तंत्रामुळे हे शक्य होते, त्याच्या जडणघडणीत अविनाश लक्ष्मण या सॉफ्टवेअर अभियंत्याचा मोठा वाटा आहे. त्यांची कारकीर्द समजून घेतली, की हे तंत्रही उलगडते.

डायनॅमो म्हणजे काय?

डेटाबेस एकाच मुख्य सर्व्हरवर अवलंबून असेल, तर तो बंद पडताच काम ठप्प होते. हजारो सर्व्हरपैकी काही ना काही बिघडणारच, असे गृहीत धरून ॲमेझॉनने ‘डायनॅमो’ उभारले. २००७ मध्ये त्यावर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या ९ लेखकांपैकी लक्ष्मण एक होते. डायनॅमोत मुख्य सर्व्हरच नसतो. प्रत्येक नोंदीच्या सहसा ३ प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. एक बंद पडला, तर दुसरा उत्तर देतो.

मग अडचण कुठे येते?

सर्व्हरमधील संपर्क तुटला, तर प्रतींमध्ये तफावत पडते. अशा वेळी दोनच पर्याय उरतात : ग्राहकाला थांबवायचे किंवा नोंद स्वीकारून तफावत नंतर मिटवायची. ॲमेझॉनने कार्टसाठी दुसरा पर्याय निवडला. त्यामुळे टाकलेली वस्तू हरवत नाही; मात्र काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा दिसू शकते. ग्राहक परत जाण्यापेक्षा ही चूक परवडणारी होती.

कॅसँड्राचा जन्म कसा झाला?

लक्ष्मण पुढे फेसबुकमध्ये गेले. तिथे वापरकर्त्यांना इनबॉक्समधील जुने संदेश शोधता यावेत, यासाठी त्यांनी प्रशांत मलिक यांच्यासह ‘कॅसँड्रा’ तयार केले. विदा अनेक सर्व्हरवर विभागण्याची पद्धत डायनॅमोची, तर तिची मांडणी गुगलच्या ‘बिगटेबल’सारखी होती. जून २००८ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा फेसबुकचे सुमारे १० कोटी वापरकर्ते होते. त्याच वर्षी कॅसँड्राचा कोड सर्वांसाठी खुला झाला.

फेसबुकने वेगळी वाट का धरली?

२०१० मध्ये नव्या संदेशसेवेसाठी फेसबुकने कॅसँड्राऐवजी ‘एचबेस’ निवडले. प्रतींमधील तफावत कालांतराने मिटण्याची पद्धत त्या कामाला सोयीची नव्हती. कॅसँड्रा मात्र मागे पडले नाही. त्याच वर्षी ते अपाची फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प बनले. नेटफ्लिक्स आणि ॲपलसारख्या कंपन्यांनीही ते वापरले. लक्ष्मण यांनी २०१२ मध्ये ‘हेडविग’ ही विदा साठवणूक क्षेत्रातील कंपनी स्थापन केली. ती २०१९ मध्ये ‘कॉमव्हॉल्ट’ने २२.५ कोटी डॉलरना विकत घेतली.

या वाटचालीतून काय दिसते?

कंपन्या बदलल्या, पण प्रश्न तोच राहिला : यंत्रे बिघडणारच, मग सेवा कशी टिकवायची? त्याचे एकच उत्तर सर्वत्र लागू पडत नाही. पोस्टवरील लाइकचा आकडा क्षणभर जुना दिसला, तर कुणाचे नुकसान होत नाही. पण खात्यातील तेच पैसे दोनदा काढले गेले, तर होते. म्हणूनच डेटाबेस निवडताना त्याचा वेग तर पाहावा लागतोच. पण बिघाड झाल्यावर कोणती चूक परवडेल, हे त्याआधी ठरवावे लागते.