उन्हाळ्यात मोजलेला सडा

कोकणातल्या सातबारा उताऱ्यावर सड्याची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी सापडते. म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. देशातल्या पडीक जमिनींच्या नकाशांतही अशा कातळाला उजाड, खडकाळ म्हणून वेगळा वर्ग दिलेला आहे. महसुलाच्या हिशेबाने या नोंदी बरोबरच आहेत. कातळावर भात होत नाही. अडचण त्यानंतरची आहे. महसुली कागदावरचे ‘इथे पीक नाही’ हे विधान प्रकल्पाच्या अहवालात शिरताना ‘इथे जीव नाही’ असे होऊन जाते आणि या बदलाकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे फिरतो. सड्यांच्या परिसरातल्या प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल मिळतील तसे वाचण्याची सवयही मला लागली आहे. एखाद्या जमिनीवर कारखाना, खाण किंवा वसाहत उभी करण्याआधी तिथे संरक्षित जीव आणि त्यांचे अधिवास आहेत का, हे आपल्याकडे कसे तपासतात, आणि या तपासणीतून सडा नेमका कुठून निसटतो, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

सड्याचे वर्ष

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. वर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तोही नाही. एप्रिल-मे महिन्यांत या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. एखादी टिटवी, वाळलेल्या गवताची खुंटे आणि झळा. पण याच जागेवर पुढच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वर्षभराचे सगळे जगणे तेवढ्यात उरकले जाते.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर कंदवर्गीय वनस्पती वर येतात. रत्नागिरीच्या परिसरातली दीपकाडी तेव्हाच फुलते. पांढऱ्या फुलांची ही वनस्पती केवळ कोकणातल्या सड्यांवर आढळते. जुलैनंतर कातळातले खळगे भरून राहतात. त्यांच्या कडेने गेंद, दवबिंदू आणि सीतेची आसवे येतात. सीतेची आसवे दिसायला नाजूक असली तरी कीटकभक्षी आहेत. इथल्या मातीत नत्र फारच कमी, म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून त्या ते मिळवतात. सप्टेंबरमध्ये कवला आणि तेरडा, ऑक्टोबरमध्ये सोनेरी गवत. दिवाळीचे कंदील लागेपर्यंत बहुतेक वनस्पती बी आणि कंदांच्या रूपात पुन्हा फटींमध्ये गेलेल्या असतात.

प्राण्यांचेही तसेच. आंबोलीच्या पठारावरचा भेक शास्त्राला स्वतंत्र जाती म्हणून माहीत झाला तो २००९ साली. तो आज अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे. पहिल्या पावसात जांभ्यावर साचलेल्या उथळ डबक्यांत त्याची मादी अंडी घालते. ते डबके मे महिन्यात पाहिले तर दगडातला एक खोलगट डाग दिसेल, आणि कोणताही प्रामाणिक माणूस तिथे ‘पाणवठा नाही’ असेच लिहील.

नियमातली पळवाट, जी पळवाट म्हणून ठेवलेली नव्हती

मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. याची पहिली अधिसूचना १९९४ ची. आजची व्यवस्था १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर उभी आहे. प्रकल्प करणारा अर्ज करतो. तज्ज्ञ समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देते. मग मान्यताप्राप्त सल्लागार संस्था हवा, पाणी, माती, आवाज, वनस्पती आणि प्राणी यांची सद्यःस्थिती नोंदवून मूल्यमापनाचा मसुदा तयार करते. त्यावर जनसुनावणी होते, हरकतींची उत्तरे दिली जातात, समिती शिफारस करते आणि शासन निर्णय देते.

या सद्यःस्थितीच्या नोंदींसाठी आपल्याकडे रूढ झालेली अट अशी: एका ऋतूची माहिती, पावसाळा वगळून.

ही अट कुणी दुष्ट हेतूने घातलेली नाही. पावसात हवेतली धूळ खाली बसते. तेव्हा मोजलेली हवा असते त्याहून स्वच्छ दिसेल, आणि कारखान्याला फुकटची सवलत मिळेल. हवेसाठी पावसाळा वगळणे शहाणपणाचेच आहे. पण हवेसाठी केलेला नियम फुलाबेडकांनाही लागू झाला. धुळीच्या मोजणीला जे चार महिने निरुपयोगी, नेमके तेच चार महिने सड्यावरच्या जिवांचे आयुष्य आहे. पावसाळ्यात जाऊन पाहण्यास कुणाची बंदी नाही. समितीही तसे सांगू शकते. पण जे सक्तीचे नाही ते खर्चाच्या अंदाजपत्रकात क्वचितच टिकते.

यादीत असणे आणि नसणे

समजा, पावसाळ्यात कुणी गेले आणि सगळे टिपले. तरी पुढचा प्रश्न येतो: यातले संरक्षित किती? त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची पाहतात. २०२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, त्यांची मांडणी बदलली. त्याआधीच्या वनस्पतींच्या अनुसूचीत अवघ्या सहा नोंदी होत्या: बेडोमचा सायकस, निळी वांडा, तांबडी वांडा, कूठ, घटपर्णी आणि लेडीज स्लिपर ऑर्किड. दुरुस्तीत ही यादी वाढली. पण ‘अनुसूचीतील वनस्पती आढळली नाही’ हे वाक्य इतकी वर्षे कोकणातल्या कोणत्याही सड्याविषयी डोळे मिटून लिहिता आले असते, आणि ते खरेही ठरले असते.

याद्यांचा आणखी एक स्वभाव असतो. त्यांत माहीत असलेलेच असते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी मंदिराच्या कुंडात राहणारा एक छोटा मासा २०२० मध्ये नवी जाती म्हणून नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी त्याची जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्याआधी कुणी तिथे यादी घेऊन गेले असते, तर हा मासा तिच्यात असणे शक्यच नव्हते. म्हणून तपासणी जातींबरोबर अधिवासाचीही व्हावी लागते. एकाच भूभागावर सापडणाऱ्या जातींचे प्रमाण जिथे मोठे आहे, तिथे अजून न सापडलेलेही काही असेल, असे गृहीत धरणे हाच शास्त्रीय सावधपणा.

मोपाचा धडा

तपासणी अपुरी राहिली तर काय होते, याचे जवळचे उदाहरण गोव्यातल्या मोपाचे. विमानतळासाठी निवडलेली ही जागाही जांभ्याचेच पठार, सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून. प्रकल्पाला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. तिला आव्हान दिले गेले. हरित न्यायाधिकरणाने मंजुरी कायम ठेवली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२९ मार्च २०१९ च्या निकालात न्यायालयाने मंजुरी स्थगित केली. सुरुवातीच्या अर्जात परिसरातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती मागितलेली होती आणि ती नीट दिली गेली नव्हती, हा मुख्य आक्षेप. पुढची कार्यकक्षा याच अर्जावरून ठरते. पायाच अपुरा असेल, तर त्यावरचा शेकडो पानांचा अहवालही अपुराच. तज्ज्ञ समितीने शिफारस करताना कारणे नोंदवली नाहीत, यावरही न्यायालयाने बोट ठेवले आणि समितीला पुन्हा विचार करायला सांगितले.

समितीने पुनर्विचार करून जादा अटी सुचवल्या. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, अटींच्या पालनावर ‘नीरी’ची देखरेख ठेवली गेली, आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. विकासाच्या बाजूच्यांना वाटते, दहा महिने फुकट गेले. निसर्गाच्या बाजूच्यांना वाटते, शेवटी पठार गेलेच. मला यात तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. अर्जातल्या एका रकान्याचे खरे उत्तर सुरुवातीलाच पुढे आले असते, तर जागेचा विचार करता येण्याजोग्या वेळी तो झाला असता. न्यायालयापर्यंत पोचेपर्यंत जागा ठरलेली असते आणि चर्चा फक्त अटींची उरते.

न सापडण्यातला फायदा

अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्प करणारा देतो. शिवाय पहिल्या अनुसूचीतला प्राणी सापडला, तर त्याच्या संवर्धनाचा वेगळा आराखडा, निधी आणि वनखात्याची मान्यता हे सारे मागे लागते. थोडक्यात, सापडले तर खर्च आणि न सापडले तर काहीच नाही. अशा व्यवस्थेत कुणी खोटे लिहायची गरज नसते. कमी दिवस, कमी ऋतू, कमी डोळे एवढे पुरते. मी वाचलेल्या अहवालांत आंबा, काजू, ऐन, कावळा, साळुंकी यांच्या लांबलचक याद्या असतात आणि पहिल्या अनुसूचीतले म्हणून बहुधा मोराचे नाव येते. सर्वेक्षण कोणत्या तारखांना झाले, किती तास, रात्री कुणी फिरले का, हे मात्र शोधावे लागते. उपाययोजनेत हरितपट्टा असतोच. उघड्या सड्यावर खड्डे खणून, बाहेरची माती आणून झाडे लावणे हेच तिथल्या अधिवासाचे नुकसान आहे, हे त्या तक्त्यात बसत नाही.

इंग्लंडमध्ये या कामाला ऋतूंचे वेळापत्रक आहे. तिथल्या संरक्षित तुरेवाल्या न्यूटसाठी तळी पाहायची ती मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. वेळ चुकली तर सहसा पुढच्या वर्षाची वाट पाहायची. तिथे सारे आलबेल आहे असे नाही. पण ‘केव्हा पाहिले’ हा प्रश्न तिथे जिवावरून ठरतो.

बाजू सडा विकणाऱ्याचीही आहे. वाडवडिलांच्या वरकस जमिनीने ज्याला कधी पोटभर दिले नाही, त्याला प्रथमच चांगला भाव येतो आहे. मुलीचे शिक्षण, घराचे कर्ज समोर असताना त्याला फुलांची नावे सांगणे सोपे आहे. मात्र जांभा पाणी मुरवतो, आणि पायथ्याचे झरे, पऱ्ये, विहिरी त्यावर जगतात. सडा एकाचा असतो आणि विहीर वाडीची. म्हणून तपासणी ही मालकाविरुद्धची कारवाई नव्हे. व्यवहारात न दिसणाऱ्या शेजाऱ्यांचा तो हिशेब आहे. राखलेल्या सड्याचा मोबदला मालकाला मिळायला हवा, हेही त्या हिशेबातच येते.

आणि हा हिशेब मोठ्या प्रकल्पांपुरताच होतो. २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला या अधिसूचनेखालची मंजुरी सहसा लागत नाही. सडा फोडून त्यावर माती पसरून केलेल्या बागेला तर कुणीच विचारत नाही. एकेक तुकडा जातो आणि बेरीज कुठल्याच कागदावर येत नाही.

आपल्या हातात काय

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती बहुतेकदा कपाटात असते. ती पावसाळ्यात बाहेर काढावी. गुरे राखणाऱ्यांना कोणत्या खळग्यात पाणी किती दिवस टिकते हे ठाऊक असते. रानभाज्या काढणाऱ्या बायकांना कंद कुठे उगवतात ते. तारीख, जागा आणि फोटो एवढे जोडले की ही माहिती पुरावा होते. प्रकल्प येण्याआधीची नोंद प्रकल्प आल्यानंतरच्या हरकतीपेक्षा अधिक वजनदार ठरते.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तो हाती घेऊन चार प्रश्न विचारावेत. सर्वेक्षण कोणत्या तारखांना झाले? पावसाळ्यात कुणी आले होते का? बेडूक, साप, वटवाघळे यांसाठी रात्री पाहिले का? हद्दीपलीकडचे झरे, देवराया आणि संवेदनशील गावे नकाशावर आहेत का? या प्रश्नांना पदवी लागत नाही, आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवली जावीत असा आग्रह धरता येतो.

याच सड्यांवर माणसांनी फार पूर्वी कोरलेली कातळशिल्पे गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने उजेडात आली, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. ती आधीही तिथेच होती. गवत आणि मातीखाली. ज्या जमिनीला आपण इतकी वर्षे रिकामी म्हणत होतो, तिने एकदा आपल्याला असे चकित केले आहे. आता कायद्यात एवढा बदल पुरेल: सड्यावरच्या प्रत्येक मूल्यमापनात जून ते ऑक्टोबर हा काळ सक्तीचा. एका प्रकल्पाला त्यासाठी फार तर एक वर्ष थांबावे लागेल. जांभ्याचे पठार घडायला लाखो वर्षे लागली आहेत.