लॅपटॉपची बॅटरी फुगली तर...

गेल्या दिवाळीची गोष्ट. रोह्यातील आमच्या दुकानात चोपडापूजनाची मांडणी चालली होती. नव्या वह्या पाटावर ठेवल्या. आता सारा हिशेब ज्यात असतो तो लॅपटॉपही त्यांच्या शेजारी आला. परंतु तो पाटावर स्थिर बसेना. एका कोपऱ्यावर हात ठेवला की दुसरा वर उचले. पाटच वाकडा असेल, असे समजून मुनीमजींनी कागदाची घडी खाली सारली. शेवटी थोरल्या मुलाने लॅपटॉप उलटा करून पाहिला, तेव्हा खरे कारण दिसले. खालचे आवरण मध्यभागी फुगून आले होते. आतली बॅटरी फुगली होती, आणि हातभर अंतरावर समई तेवत होती.

त्या क्षणी सुचलेले उपाय आज आठवले तरी अंगावर काटा येतो. “वर चार जाड चोपडे ठेवा, बसेल खाली,” असे एकाने सुचविले. “मुहूर्त होऊ द्या, उद्या पाहू,” असे दुसरा म्हणाला. “आधी बॅकअप घेऊन ठेवू,” असे मी स्वतः म्हणालो. तिन्ही उपाय चुकीचे होते. आपल्यापैकी अनेकांप्रमाणे आमचेही खाली दुकान आणि वर घर. रात्री शटर ओढल्यावर लॅपटॉप चार्जिंगला तसाच राहत असे आणि वर सारे कुटुंब निर्धास्त झोपत असे.

बॅटरी का फुगते?

लॅपटॉप आणि मोबाईलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठविणे हा तिचा गुण आणि तिची जोखीमही त्यातच आहे.

आजच्या बहुतेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ही बॅटरी पातळ, हवाबंद पिशव्यांच्या रूपात असते. आतील धन व ऋण थरांना केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा वेगळे ठेवतो. भोवती ज्वलनशील द्रव असतो. बॅटरी जुनी झाली, सतत पूर्ण चार्ज राहिली किंवा तापत राहिली की या द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो. त्याला बाहेर पडण्यास वाट नसते, म्हणून पिशवी फुगते.

फुगलेली बॅटरी लगेच पेटतेच असे नाही. कित्येक आठवडे लॅपटॉप नेहमीसारखा चालतो आणि फसगत होते ती येथेच. दाब पडून, काही टोचून किंवा पुन्हा चार्ज करताना आतला पडदा फाटला, तर उष्णता क्षणात वाढत जाते आणि विषारी धुरासह आग भडकते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या विद्युत स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या बालकाचा अंत झाला. स्कूटरची बॅटरी लॅपटॉपच्या बॅटरीहून पुष्कळ मोठी असते हे खरे, परंतु दोन्हींची जात एकच.

तत्काळ काय करावे?

फुगवटा दिसताच चार्जर काढावा आणि लॅपटॉप बंद करावा. लॅपटॉप सपाट जागेवर डुलणे, झाकण नीट न मिटणे, टचपॅड वर येणे किंवा न दाबला जाणे ही फुगवट्याची लक्षणे होत. केवळ बॅकअपसाठी तो पुन्हा सुरू करू नये. हिशेब बॅटरीत नव्हे, डिस्कमध्ये असतो आणि जाणकार कारागीर डिस्क सुरक्षित काढून देऊ शकतो.

फुगलेला भाग दाबू नये, वाकवू नये आणि वायू काढण्यासाठी सुई वा स्क्रू-ड्रायव्हरने तर कदापि टोचू नये. खटका सरकवून सहज निघणारी जुन्या पद्धतीची बॅटरी असेल, तरच ती हलक्या हाताने काढावी. जोर लावावा लागत असेल किंवा बॅटरी आत चिकटवलेली असेल, तर लॅपटॉप न उघडता तसाच ठेवावा.

ठेवण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. कापडाचे गठ्ठे, पुठ्ठ्याची खोकी, तेलाचे डबे, कापूर यांपासून दूर, सावलीत, उघड्या फरशीवर तो ठेवावा. सुटी बॅटरी असल्यास तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवावी आणि डब्याचे झाकण घट्ट लावू नये. मुलांचा हात तेथे पोहोचू नये.

धूर किंवा सुरसुर आवाज येऊ लागला, तर सामान वाचविण्याच्या नादी लागू नये. मुख्य स्विच बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. वीज तोडलेली असेल आणि आग लहान असेल, तर दुरून भरपूर पाणी ओतावे, कारण बॅटरी थंड होणे महत्त्वाचे असते. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

टाकावी कोठे?

घंटागाडीत किंवा भंगारात ती कदापि देऊ नये. गाडीत कचरा दाबला जातो, भंगारात वस्तू हातोड्याने फोडल्या जातात. आपल्या घरातून गेलेली जोखीम अशा वेळी एखाद्या सफाई कामगाराच्या हातात पेटते. जयणेचा अर्थ आपल्या घरांत कोणास सांगावयास नको. ती उंबरठ्याबाहेरही पाळावयाची असते.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकांचे दायित्व आहे, आणि त्या अन्य कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन वा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपविणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असते, ते याचसाठी. म्हणून प्रथम कंपनीच्या सेवा केंद्राला दूरध्वनी करून बॅटरी फुगल्याचे स्पष्ट सांगावे आणि ते सांगतील तसे करावे. ती कुरिअरने पाठवू नये, विमानात नेऊ नये आणि गर्दीच्या लोकलमध्ये किंवा एसटीत पिशवीत कोंबून तर मुळीच नेऊ नये.

फुगू नये म्हणून

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि लॅपटॉप आपल्या गल्ल्याशेजारी स्थिरावला. तो सकाळी चार्जरला जोडला जातो तो रात्रीपर्यंत तसाच. त्यात कोकणातला वैशाख, वर पत्र्याचे छप्पर आणि खाली मऊ गादी! गादीत लॅपटॉपच्या हवेच्या फटी बुजतात. त्याला लाकडी मेजावर ठेवावे. अनेक लॅपटॉपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते, ती सुरू करावी. दुकान बंद करताना चार्जर काढण्याची सवय शटरच्या कुलुपाइतकीच पक्की असावी. नवी बॅटरी घेताना आयएस १६०४६ या भारतीय मानकाची नोंद पाहावी. निम्म्या किमतीच्या नकली बॅटरीत झालेली बचत ही बचत नव्हे.

आमचा लॅपटॉप त्या दिवशी पाटावरून उठला तो अंगणातील फरशीवर गेला आणि पूजन वह्यांचेच झाले. सण सरल्यावर सेवा केंद्राने बॅटरी बदलून जुनी स्वतःकडे ठेवून घेतली. हिशेबाचा एक आकडाही गेला नाही. आता रोज रात्री गल्ला मोजून झाला की मुनीमजी विचारतात, “चार्जर काढला ना?” हा लेख वाचून झाल्यावर आपणही आपला लॅपटॉप एकदा सपाट मेजावर ठेवून पाहावा. तो डुलत तर नाही ना?