मोटर क्लबांचे दुखणे जागेचे

शासकीय परवानगी आणि पीक निघालेले मोकळे शेत मिळाले, की विदर्भात शंकरपट भरवता येतो. मोटारींच्या शर्यतीचे तसे नाही. बुलडाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावात चार हौशी तरुणांनी मोटर क्लब काढायचे ठरवले, तर गाड्यांच्या आधी जागेचा प्रश्न उभा राहतो.

फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या नियामक संस्थेची मान्यता, विमा, रुग्णवाहिका, अग्निशमनाची व्यवस्था, प्रशिक्षित मार्शल. स्पर्धक दहा असोत वा शंभर, हा खर्च फारसा घटत नाही. उत्पन्न मात्र प्रवेश शुल्क आणि प्रायोजकांवर अवलंबून. शर्यत रद्द झाली की दोन्ही आटतात, जागेचे भाडे तेवढे चालू राहते. लहान क्लब बहुधा येथेच कोलमडतो.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर त्याच्या शर्यती रंगत. पुढे परक्या जागेवर विसंबून न राहता क्लबने श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःची जमीन घेतली. तेथील ट्रॅक १९९० मध्ये सुरू झाला आणि क्लब आजही शर्यती भरवतो. अर्थात, ट्रॅक असला म्हणजे सारे निभावते असेही नाही. ग्रेटर नोएडाच्या भव्य बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे झाली. करांच्या वादात ती अडकली.

महाराष्ट्रात नाशिक, पुणे येथे रॅली आणि सुपरक्रॉसच्या स्पर्धा झाल्या. सुपरक्रॉससाठी मैदानात माती टाकून ट्रॅक उभारावा लागतो. स्पर्धा आटोपली की तो मोडतो आणि पुढच्या वेळी खर्च पुन्हा पहिल्यापासून.